सिएनाचे नगरभवन : एका गणराज्याची वास्तू



इटलीच्या टस्कनी प्रांतात सिएना नावाचे एक डोंगरी शहर आहे. त्या शहराला नदी नाही, बंदर नाही आणि सपाट जमीनही नाही. तीन टेकड्यांच्या कण्यांवर ते वसलेले असून या तिन्ही कण्यांचा जेथे संगम होतो, तेथे एक विस्तीर्ण उतरते मैदान आहे. त्या मैदानाच्या तळाशी, म्हणजे सर्वांत खालच्या कडेला, सिएनाचे नगरभवन उभे आहे. त्याला इटालियन भाषेत ‘पालात्सो पुब्लिको’ म्हणजे सार्वजनिक प्रासाद असे म्हणतात. युरोपातील नगरभवने अनेक आहेत आणि त्यांतील कित्येक या वास्तूपेक्षा भव्य आहेत. परंतु नगराचा कारभार कसा असावा, याचा विचार ज्या वास्तूच्या विटांत, पायऱ्यांत आणि भिंतींवरील चित्रांतही उतरला आहे, अशी वास्तू विरळाच.

बाराव्या व तेराव्या शतकांत उत्तर व मध्य इटलीतील अनेक नगरे सम्राट आणि पोप या दोन्ही सत्तांच्या ओढाताणीतून मोकळी होऊन आपला कारभार आपणच पाहू लागली होती. सिएना हे त्यांपैकीच एक नगरराज्य. रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा मोठा मार्ग या नगरातून जात असे. त्या मार्गाने व्यापार आला आणि व्यापारामागून सावकारी आली. तेराव्या शतकात सिएनाच्या पेढ्यांचा व्यवहार दूरवरच्या जत्रांपर्यंत पोहोचला होता. १२६० साली मोंतापेर्तीच्या लढाईत या नगराने बलाढ्य फ्लॉरेन्सचा पराभव केला. एवढे असूनही नगराच्या शासनाला स्वतःचे घर नव्हते. नगरसभा सान क्रिस्तोफोरोच्या चर्चमध्ये भरे आणि अधिकाऱ्यांसाठी खाजगी घरे भाड्याने घेतली जात. ज्या सरदार घराण्यांच्या उद्दामपणाला आळा घालावयाचा, त्यांच्याच वाड्यांच्या सावलीत बसून कारभार करावा लागे. यातील अडचण सांगावयास नको.

१२८७ साली सत्ता ‘नऊ जणां’च्या हाती आली आणि १३५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, ती त्यांच्याकडे राहिली. नऊ जण म्हणजे नऊ नागरिकांचे मंडळ. हे सदस्य मध्यम प्रतीच्या व्यापारी वर्गातून निवडले जात. मोठ्या सरदार घराण्यांतील पुरुषांना या मंडळात स्थान नव्हते. कायदेपंडित व दस्तऐवज लिहिणारे नोटरी यांनाही नव्हते. श्रमजीवी लोकांना तर नव्हतेच. तेव्हा या राज्याला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र सत्ता हाती असलेल्यांनी स्वतःवर जी बंधने घालून घेतली होती, ती पाहण्यासारखी आहेत. नऊ जणांची मुदत अवघी दोन महिन्यांची असे. त्या दोन महिन्यांत त्यांनी घरदार सोडून नगरभवनातच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे आणि तेथेच निजावयाचे. मुदत संपल्यावर वीस महिने उलटल्याखेरीज त्या व्यक्तीला पुन्हा मंडळात येता येत नसे. न्यायदानाचे काम ‘पोदेस्ता’ या अधिकाऱ्याकडे असे आणि तो मुद्दाम परगावचा निवडला जाई, कारण गावातील माणूस कोणाचा तरी भाचा, जावई वा ऋणको असावयाचाच. पोदेस्ताची मुदत संपली की त्याच्या कारभाराची चौकशी होई आणि ती पूर्ण झाल्यावरच त्याची सुटका होई.

दोन महिन्यांनी बदलणाऱ्या मंडळाच्या हातून दीर्घकाळ चालणारी कामे कशी होणार, अशी शंका कोणासही येईल. नगरभवनाची वास्तू हेच त्या शंकेचे उत्तर आहे. जुन्या जकातघराच्या व टांकसाळीच्या जागेवर १२९७ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. मुख्य भाग १३१० पर्यंत पुरा होऊन नऊ जण तेथे राहावयास गेले. पुढे पोदेस्ताचे निवासस्थान, तुरुंग व मनोरा यांची भर पडत गेली आणि १३४८ साली मनोरा पूर्ण झाला. या पन्नास वर्षांत तीनशेच्या आसपास मंडळे येऊन गेली. काम मात्र एकाच आराखड्यानुसार चालू राहिले.

विटांची आणि दगडांची भाषा

इमारतीचा तळमजला फिकट राखी दगडाचा आणि वरचे मजले तांबूस विटांचे आहेत. सिएनाची माती विटांना चांगली. ती भाजली असता जो तपकिरी-तांबडा रंग येतो, त्याला चित्रकारांच्या पेटीत आजही याच शहराचे नाव आहे. दर्शनी भिंत सरळ रेषेत नाही. समोरच्या मैदानाचा बाक सांभाळण्यासाठी ती किंचित आत वळलेली आहे. प्रत्येक खिडकीला बारीक पांढऱ्या खांबांनी तीन गाळ्यांत विभागले आहे आणि त्यांच्यावर अणकुचीदार गॉथिक कमान आहे. कमानीच्या पोटात नगराचे काळे-पांढरे ढालचिन्ह बसविले आहे. मधला भाग उंच आणि दोन्ही बाजू ठेंगण्या, अशी मूळची रचना होती. बाजूंवर आणखी एक मजला चढला तो फार उशिरा, १६८० साली. पण तोही जुन्या खिडक्यांचा घाट इतका जपून बांधला आहे की, सांगितल्याशिवाय ध्यानात येऊ नये.

या खिडक्यांना एक कायद्याची बाजू आहे. १२९७ साली नगराने असा नियम केला की, मैदानासमोर जो कोणी घर बांधील त्याने खिडक्या खांबांच्याच ठेवाव्यात आणि पुढे सज्जे काढू नयेत. नगरभवनाच्या पायाचे काम नुकतेच चालू झाले होते, अशा वेळचा हा नियम आहे. आपल्या कार्यालयापुरती शोभा न पाहता अवघ्या चौकाचे रूप एकसंध राहावे, यासाठी शासनाने इतक्या प्राचीन काळी नियम करून ते अमलात आणल्याची उदाहरणे फार थोडी. सातशे वर्षांनंतरही त्या मैदानाभोवतीच्या घरांकडे पाहिले असता नियम कागदावरच राहिला नव्हता, याची खात्री पटते.

मैदानाचे नाव ‘कांपो’ म्हणजे शेत. एके काळी ते खरोखरच मोकळे रान होते. १३४९ पर्यंत त्यावर विटांची फरसबंदी पुरी झाली. पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांनी तिचे नऊ भाग पाडले असून ते नऊ भाग नऊ जणांची आठवण देतात. एखादा शिंपला उताणा ठेवावा तशी ही जमीन वरून खाली येते आणि पावसाचे सारे पाणी नगरभवनासमोरील एका मोरीत जमा होते. आकार देखणा तर खराच; पण डोंगरउतारावरचे पाणी लोकांच्या घरात न शिरता कोठे जावे, हा साधा प्रश्नही त्याच आकाराने सोडविला आहे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न याहून बिकट होता. नदी नसलेल्या या नगराने टेकड्यांच्या पोटात बोगदे खोदून झिरपणारे पाणी थेंबाथेंबाने गोळा केले. ‘बोत्तिनी’ नावाच्या या भुयारांची एकूण लांबी सुमारे २५ किलोमीटर आहे. १३४२ मध्ये ते पाणी उंचावरच्या या मैदानात पोहोचले, तेव्हा नगराने अनेक दिवस उत्सव केला आणि तेथील कारंज्याला ‘आनंदाचे कारंजे’ असे नाव पडले. पुढे पंधराव्या शतकात याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकाराने त्याला संगमरवरी शिल्पांनी सजविले. त्याच्या मूळ मूर्ती आता संग्रहालयात सुरक्षित असून मैदानात आहे ती एकोणिसाव्या शतकातील प्रतिकृती.

मनोरा ८८ मीटरच्या आसपास उंच आहे. मुंबईच्या विद्यापीठातील राजाबाई मनोरा (१८७८) २८० फूट, म्हणजे ८५ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. त्या मुंबईच्या इमारतींची गॉथिक शैली मात्र उशिराच्या पुनरुज्जीवनातून आलेली. सिएनातील गॉथिक हे त्या काळातले चालू बांधकाम होय. नगरभवन मैदानाच्या तळाशी खोलगट जागी आहे आणि कॅथेड्रल टेकडीच्या माथ्यावर. तरीही मनोऱ्याचे टोक कॅथेड्रलच्या घंटाघराच्या बरोबरीला येते. धर्मसत्ता व नगरसत्ता यांची उंची सारखी राहावी, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. मनोऱ्याचा विटांचा सोट पेरूजिया येथील दोन गवंडी बंधूंनी, मुच्चो व फ्रांचेस्को दि रिनाल्दो यांनी, चढविला. मनोऱ्याला नाव मिळाले ते मात्र नऊ जणांपैकी कोणाचे नाही की गवंड्यांचेही नाही. घंटा वाजविणारा पहिला सेवक उधळपट्टीसाठी प्रसिद्ध होता. लोक त्याला ‘मांजाग्वादान्यी’, म्हणजे मिळकत खाऊन टाकणारा, असे चिडवीत. त्याच्यावरून त्या मनोऱ्याला आजतागायत ‘तोर्रे देल मांजा’ म्हणतात.

हिशेबाच्या वह्या आणि लोकांच्या भाषेतील कायदा

नगरभवनात चालणाऱ्या कामकाजापैकी दोन गोष्टींकडे येथे मुद्दाम लक्ष वेधावयास हवे. नगराच्या खजिन्याला ‘बिक्केर्ना’ म्हणत. सहा-सहा महिन्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तेथे लिहिल्या जात आणि त्या वह्यांना लाकडी फळ्यांचे पुठ्ठे असत. १२५८ पासून या फळ्यांवर चित्रे काढण्याचा प्रघात पडला. मेजाशी बसून नाणी मोजणारा खजिनदार, पुढ्यात वही, बाजूला पैसे घेऊन आलेला नागरिक आणि खाली त्या सहामाहीच्या जबाबदार अधिकाऱ्यांची नावे व कुलचिन्हे, असे पहिल्या फळ्यांचे स्वरूप आहे. खजिनदार बहुधा मठातील संन्यासी नेमला जाई, कारण त्याला पोटची मुले नाहीत आणि त्याची स्वतःची मिळकतही नाही. शंभराहून अधिक फळ्या सिएनाच्या दप्तरखान्यात जपलेल्या असून नामांकित चित्रकारांनी त्या रंगविल्या आहेत. जमाखर्चाच्या वहीला कलाकृतीचा मान देणारे दुसरे नगर दाखविणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. नगराची घटना, म्हणजे सर्व नियमांचा संग्रह, लॅटिनमध्ये होता. लॅटिन जाणणारे म्हणजे धर्मगुरू, वकील आणि नोटरी. १३०९ मध्ये नऊ जणांच्या शासनाने असा ठराव केला की, ही घटना बोलभाषेत उतरवावी. चांगल्या चर्मपत्रावर, ठळक आणि सुवाच्य अक्षरात तिची प्रत तयार करून खजिन्यात ठेवावी, म्हणजे गरीब लोकांना व लॅटिन न जाणणाऱ्या कोणालाही ती पाहता येईल आणि हवी असल्यास नक्कल करून घेता येईल, असे त्या ठरावात कारणासह नमूद आहे. रानिएरी गांगालांदी नावाच्या नोटरीने हे काम १३१० पर्यंत पुरे केले. कायदा लोकांच्या भाषेत असावा ही मागणी विसाव्या शतकातली समजली जाते. तिची ही पूर्वजा चौदाव्या शतकाच्या आरंभी, एका लहान नगराच्या दप्तरात सापडते.

कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोरील भिंती

महासभेच्या दालनात सीमोने मार्तीनी याने १३१५ मध्ये एक मोठे भित्तिचित्र रंगविले. छत्राखाली सिंहासनस्थ मेरी, मांडीवर बाळ येशू आणि भोवती संतमंडळी असा विषय आहे. सिएनाचे लोक मेरीला आपल्या नगराची स्वामिनी मानीत. चित्राखालील ओळींतून ती सभासदांना बजावते की, दुबळ्यांना गांजणाऱ्या आणि नगराला फसविणाऱ्या माणसाच्या प्रार्थना तिला पोहोचणार नाहीत. बाळाच्या हातातील पट्टीवर न्यायाधीशांनी न्यायावर प्रेम करावे या अर्थाची आज्ञा आहे. जे सभासद मत द्यावयास उठत, त्यांच्या समोरच ही भिंत होती. तळघरातील मिठाच्या साठ्याच्या ओलीने चित्र खराब झाले असे सांगतात. १३२१ मध्येच सीमोनेला त्याची दुरुस्ती करावी लागली.

याच दालनाच्या शेजारी नऊ जणांच्या बैठकीची खोली आहे. तिच्या तीन भिंती अँब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ या काळात रंगविल्या. चौथ्या भिंतीत खिडकी आहे. ‘चांगल्या व वाईट शासनाची रूपके’ या नावाने ही चित्रे आज जगभर ओळखली जातात. जुने लोक त्यांना नुसते ‘शांतता आणि युद्ध’ म्हणत.

खिडकीसमोरच्या भिंतीवर न्यायदेवता बसली आहे आणि तिच्या मस्तकावर प्रज्ञा तराजू धरून आहे. तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोऱ्या खाली येतात आणि ‘सुसंवाद’ नावाच्या स्त्रीच्या हातात एकत्र वळल्या जातात. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचसखल सारखे करण्याचे ते हत्यार. ती दोरी पुढे चोवीस नागरिकांच्या हातांतून जाते आणि काळ्या-पांढऱ्या वस्त्रातील एका भव्य वृद्ध पुरुषापर्यंत पोहोचते. हा पुरुष म्हणजे नगराचे सार्वजनिक हित. दोरीने त्याचा हात बांधलेला आहे. येथे बांधला गेला आहे तो शासक, हे विसरता कामा नये. त्याच्या शेजारी शांतता उशीला टेकून निवांत पहुडली आहे आणि तिच्या अंगाखाली टाकून दिलेले चिलखत दिसते.

उजव्या भिंतीवर चांगल्या शासनाची फळे दाखविली आहेत आणि येथे चित्रकाराने देवदेवता सोडून चालतेबोलते शहर रंगविले आहे. परातीवर उभे राहून गवंडी भिंत चढवीत आहेत. एक चांभार दुकानात काम करीत आहे, एक गुरुजी मुलांना शिकवीत आहेत, गाढवांवर माल लादला आहे आणि चौकात नऊ जणांचा मेळा फेर धरून नाचत आहे. मग शहराची वेस येते. वेशीतून बाहेर पडणारे शिकारीला निघालेले श्रीमंत आणि आत येणारा, डुक्कर हाकणारा शेतकरी यांची तेथे गाठ पडते. पलीकडे मळणी, नांगरणी, द्राक्षांचे मळे आणि टेकड्यांवरून जाणारा रस्ता आहे. शेतजमिनीचे इतके विस्तृत, प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र युरोपात त्यापूर्वी कोणी काढले नव्हते. वेशीवर ‘सुरक्षितता’ उडताना दिसते. तिच्या एका हातात अभयपत्र आहे आणि दुसऱ्या हातात फाशीचा खांब. ही जोडी आजच्या मनाला खुपते, पण चौदाव्या शतकाने ती झाकून ठेवलेली नाही.

समोरच्या भिंतीवर जुलूम शिंगे लावून बसला आहे. क्रूरता, कपट, दगाबाजी, फूट, युद्ध ही त्याची सभासद मंडळी. फूट स्वतःच्याच देहावर करवत चालवीत आहे. न्यायदेवता पायांशी जखडलेली आणि तिचा तराजू मोडलेला. या शहरात शस्त्रे घडविणारा सोडून बाकीच्यांचे धंदे बसले आहेत आणि शेते ओसाड आहेत. चित्रांखालची वाक्येही पुष्कळशी बोलभाषेतच आहेत. पंधराव्या शतकात याच गावचा संत बेर्नार्दीनो प्रवचनात या दोन भिंतींची तुलना करी, तेव्हा ती चित्रे ऐकणाऱ्यांच्या परिचयाची असत. दैवयोग असा की, वाईट शासनाची भिंतच काळाने अधिक झिजविली आहे.

ही चित्रे म्हणजे नऊ जणांनी आपलीच केलेली जाहिरात होती, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. परंतु जाहिरातच करावयाची होती तर ती चौकातील भिंतीवर करता आली असती. ती केली आहे नऊ जण स्वतः जेथे बसत त्या बंद खोलीत. निर्णय घेताना डावी-उजवीकडे मान वळविली की, त्या निर्णयाची दोन्ही फळे त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहत.

१३४८ मध्ये मनोरा पूर्ण झाला आणि त्याच वर्षी प्लेगची महामारी आली. सुमारे ५० हजारांच्या त्या नगरातील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. अँब्रोजो आणि त्याचा चित्रकार भाऊ पिएत्रो हे दोघेही बहुधा याच साथीत गेले. जगातील सर्वांत मोठे कॅथेड्रल बांधण्याचा घाट नगराने १३३९ मध्ये घातला होता; तो अर्धवट राहिला आणि त्याच्या एकाकी भिंती अजून उभ्या आहेत. साथीतून वाचलेल्यांनी बोललेला नवस फेडण्यासाठी १३५२ पासून मनोऱ्याच्या पायथ्याशी एक लहान प्रार्थनामंडप उभारला गेला. लोक रोज त्याच्यावरून जातात.

१३५५ च्या मार्चमध्ये सम्राट चौथा चार्ल्स सिएनात आला, तेव्हा सरदार आणि सामान्य लोक एक होऊन नगरभवनावर चालून गेले. नऊ जणांचे राज्य एका झटक्यात संपले. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्यांची पेटी गाढवाच्या शेपटीला बांधून रस्त्यांतून ओढली गेली, असे बखरकार लिहितात. सत्तर वर्षे ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, तेच दार फोडून आत आले. मात्र लोरेन्झेत्तीच्या भिंतींना कोणी हात लावला नाही. त्यानंतर आलेली मंडळेही त्याच खोलीत बसली.

गणराज्य आणखी दोनशे वर्षे टिकले. दीर्घ वेढ्यानंतर एप्रिल १५५५ मध्ये सिएनाने शरणागती पत्करली आणि पुढे ते फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेले. ज्या मोठ्या दालनात नगरसभा भरे, त्याचे १५६० च्या सुमारास नाट्यगृह करण्यात आले. सभेला तेव्हा करण्यासारखे काम उरले नव्हते. नाट्यगृह आजही तेथे आहे. नगराची कचेरीही आहे. महापौर व नगरसभा याच वास्तूतून कारभार पाहतात आणि वरच्या मजल्यावर संग्रहालय आहे. सिएनाच्या जुन्या गावाचा समावेश १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी मैदानात मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या घोड्यांची शर्यत होते. तेव्हा मनोऱ्यावरील मोठी घंटा वाजते आणि सारे गाव नगरभवनासमोर लोटते.

पर्यटक बहुधा पुढच्या बाजूनेच परत जातात. नगरभवनाच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर, एक उघडा सज्जा आहे. कामकाजातून उठून पाय मोकळे करण्यासाठी नऊ जण तेथे येत असावेत. तेथून दक्षिणेकडे पाहिले असता घरे दिसत नाहीत. दरी, फळबागा, भाजीचे मळे आणि त्यांच्यापलीकडे टस्कनीच्या टेकड्या दिसतात. वाढत्या वस्तीला जागा हवी म्हणून प्लेगपूर्वी नगराने तट बाहेर नेले होते. ती वस्ती आलीच नाही. म्हणून तटाच्या आतही शेते राहिली, आणि लोरेन्झेत्तीच्या भिंतीवर वेशीपलीकडे जी हिरवळ दिसते तशीच हिरवळ सज्ज्यातून दिसते.